लिनक्सचे शिक्षण : नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहावी काय?

संगणकाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहताना दिसतो. “लिनक्सचा अभ्यासक्रम घ्यावयाचा आहे, परंतु नवी आवृत्ती लवकरच येणार असे ऐकतो. आज शिकलेले उद्या जुने ठरणार असेल, तर थोडे थांबलेलेच बरे नाही काय?” हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. शाळेत संगणक कक्ष उभारू पाहणारे मुख्याध्यापक, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणास पाठवू इच्छिणारे कार्यालयप्रमुख आणि मुलाच्या शुल्कासाठी पै-पैसा बाजूला काढणारे पालक यांनाही तो पडतो.

थांबण्यास पैसा लागत नाही, म्हणून थांबणे फुकट आहे असे वाटते. वस्तुतः ते तसे नाही. थांबलेल्या महिन्यांत वय वाढते, नोकरीच्या जाहिरातींच्या मुदती संपतात आणि शिकण्याचा उत्साहही ओसरतो. उलटपक्षी, घाईने भलत्याच अभ्यासक्रमाचे शुल्क भरून बसले, तर कष्टाचा पैसा वाया जाण्याची भीती असते. यास्तव थांबावे केव्हा आणि थांबू नये केव्हा, याचा विचार नीट आकडे व तारखा समोर ठेवून करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते निरनिराळे कार्यक्रम यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही जशी एक कार्यप्रणाली आहे, तशीच लिनक्स ही दुसरी. फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तत्पूर्वी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या नावाने मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प जाहीर केला होता. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली. तिची मूळ संहिता कोणीही पाहू शकतो, तीत सुधारणा करू शकतो व ती इतरांना देऊ शकतो.

ग्रामीण वाचकांना ही प्रणाली दूरची वाटण्याचा संभव आहे. पण ती त्यांच्या खिशातच असते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आला आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले, आणि केंद्र शासनाच्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणालीही तयार केली आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुशल माणसांची गरज शासनाला, बँकांना व कारखान्यांना सारखीच असते. म्हणून या विषयाचे शिक्षण म्हणजे रोजगाराचे एक खरेखुरे साधन आहे.

आवृत्त्यांचे वेळापत्रक

लिनक्स ही एकाच कंपनीची मालमत्ता नसल्याने तिचे अनेक संच प्रचारात आहेत. त्यांना वितरणे असे म्हणतात. प्रत्येक वितरणाच्या नव्या आवृत्त्या आपापल्या गतीने निघतात. ही गती ध्यानी घेतली म्हणजे निम्मा गोंधळ दूर होतो.

मोठ्या उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ या वितरणाची सातवी आवृत्ती जून २०१४ मध्ये, आठवी मे २०१९ मध्ये, नववी मे २०२२ मध्ये आणि दहावी मे २०२५ मध्ये आली. आठवीपासून दर तीन वर्षांनी मोठी आवृत्ती काढण्याचा क्रम ठरला आहे. शाळा-महाविद्यालयांत परिचित असलेले ‘उबंटू’ दर सहा महिन्यांनी निघते. मात्र दीर्घ मुदतीची म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिल महिन्यात येते. तिच्या नावातच वर्ष व महिना असतो. ‘२४.०४’ म्हणजे २०२४ सालच्या चौथ्या महिन्यातील. ‘डेबियन’ हे वितरण सज्ज झाल्याशिवाय बाहेर काढावयाचे नाही, असा त्याच्या संघटनेचा शिरस्ता आहे. त्याची बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आणि तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. या सर्वांच्या पोटात असलेला लिनक्सचा गाभा तर दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा होतो.

याचा अर्थ असा की, नवे काही यावयाचे आहे ही स्थिती लिनक्सच्या जगात कायमचीच आहे. जो केवळ ‘अगदी नवीन’ची वाट पाहील, त्याची वाट कधीच संपणार नाही.

येथे दुसरीही एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी लगेच बंद पडत नाही. रेड हॅटच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सामान्यतः दहा वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्या हिशेबाने आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत, नववी २०३२ पर्यंत व दहावी २०३५ पर्यंत चालणार आहे. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे विनामूल्य दुरुस्त्या मिळतात. बँक किंवा मोठे कार्यालय आपले चालू सर्व्हर नव्या आवृत्तीवर एका रात्रीत नेत नाही. त्यासाठी चाचण्या, मंजुरी व खर्च यांची साखळी असते. परिणामी एकाच इमारतीत दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी काम करीत असतात. म्हणजे नववी आवृत्ती शिकलेल्या उमेदवारास ती दहावीच्या आगमनाने निरुपयोगी झाली असे म्हणण्यास काही आधार नाही.

काय बदलते आणि काय बदलत नाही

अभ्यासक्रमाचे दोन भाग मनात कल्पावेत. एक पायाचा व दुसरा वरच्या बांधकामाचा.

पायाचा भाग फार जुना आहे. लिनक्सची कार्यपद्धती १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ‘युनिक्स’ प्रणालीवर बेतलेली आहे. फायलींची यादी दाखविणारी ‘एलएस’ आणि फाइलची प्रत काढणारी ‘सीपी’ या आज्ञा युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेतही होत्या. मजकुरातून शब्द शोधून देणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा त्यानंतर दोनच वर्षांत आली. मजकूर लिहिण्यासाठी वापरले जाणारे ‘व्हीआय’ हे साधन १९७६ सालचे, तर आपण टंकलेल्या आज्ञा संगणकाला समजावून देणारा ‘बॅश’ हा दुभाषा १९८९ सालचा आहे.

फायलींवरील अधिकारांचे उदाहरण घ्यावे. प्रत्येक फाइलच्या बाबतीत मालक, त्याचा गट आणि इतर असे तीन वर्ग धरतात. आणि वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन अधिकार प्रत्येक वर्गाला द्यावयाचे किंवा नाकारावयाचे असतात. घराची किल्ली कोणाकडे, ओसरीवर कोणी बसावे आणि अंगणात कोणी यावे, हे ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे. ही पद्धत अर्ध्या शतकात मुळातून बदललेली नाही. ती आज शिकणाऱ्याला पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तशीच भेटेल.

वरच्या बांधकामात मात्र फेरबदल होतात. सेवा सुरू व बंद करण्याची रीत, नवी आज्ञावली बसविण्याचे साधन, जाळ्याची म्हणजे नेटवर्कची मांडणी, संरक्षक भिंतीची व्यवस्था हे विषय आवृत्तीगणिक थोडेफार बदलतात. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत सेवा चालविण्याची जुनी पद्धत जाऊन ‘सिस्टमडी’ ही नवी पद्धत आली. आठव्या आवृत्तीत आज्ञावली बसविणाऱ्या ‘यम’ या साधनाची जागा ‘डीएनएफ’ने घेतली, तथापि जुने नाव टंकले तरी काम होईल अशी सोय ठेवली गेली. नेटवर्कची मांडणी लिहून ठेवण्याची जुन्या धर्तीची फाइल नवव्या आवृत्तीत मावळतीला लागली आणि दहाव्या आवृत्तीत ती पूर्णपणे गेली.

आता हिशेब करावा. नव्याने शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे पहिले दोन-तीन महिने पायाच्या भागातच जातात. तो भाग आवृत्तीवर अवलंबून नाही. म्हणजे ज्या काळात तो नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहत बसणार, नेमक्या त्याच काळात त्याला असे शिक्षण घेता येण्यासारखे आहे की ज्याचा एकही धडा फुकट जाणार नाही.

परीक्षा व प्रमाणपत्र

थांबण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो तो प्रमाणपत्राच्या बाबतीत. कारण परीक्षेचे शुल्क मोठे असते आणि परीक्षा विशिष्ट आवृत्तीवर बेतलेली असते. या बाबतीत चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, प्रणालीची आवृत्ती आणि अभ्यासक्रमाची आवृत्ती या दोन निराळ्या वस्तू आहेत. प्रणाली बाहेर पडल्यानंतर तिच्यावर पाठ्यसामग्री तयार करणे, शिक्षकांना तयार करणे आणि परीक्षा बसविणे यांत काही महिने जातात. तेव्हा प्रणाली आली या बातमीवरून अभ्यासक्रमही आला असे समजू नये.

दुसरी गोष्ट, नवी परीक्षा सुरू झाल्यावर जुनी काही काळ सोबत चालू ठेवण्याची रीत आहे. कॉम्पटिया या संस्थेच्या ‘लिनक्स प्लस’ परीक्षेची नवी आवृत्ती जुलै २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा जुनी परीक्षा जानेवारी २०२३ पर्यंत देता येत होती. ज्यांची तयारी पूर्ण होत आली होती, त्यांना या सहा महिन्यांत जुनी परीक्षा देऊन मोकळे होता आले.

तिसरी गोष्ट, प्रमाणपत्राची मुदत वर्षांत मोजतात. रेड हॅटचे व लिनक्स प्लसचे प्रमाणपत्र तीन वर्षे, तर लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटचे प्रमाणपत्र पाच वर्षे ग्राह्य असते. मधल्या काळात नवी आवृत्ती आली म्हणून हाती असलेले प्रमाणपत्र रद्द होत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जाहीर तारीख व ऐकीव बातमी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची पाचवी आवृत्ती २०१८ मध्ये आली. दोन वर्षे झाली, आता सहावी येईलच, अशा समजुतीने २०२० साली जो थांबला असता, त्याला २०२४ साल संपले तरी ती मिळाली नसती. एवढ्या काळात पाचव्या आवृत्तीचे प्रमाणपत्र घेऊन चार वर्षे नोकरी करता आली असती.

थांबणे केव्हा शहाणपणाचे?

असे असले तरी थांबणे सदैव चूकच असते, असे मात्र नाही. २०१९ सालचा दाखला बोलका आहे. रेड हॅटच्या ‘सर्टिफाइड इंजिनिअर’ या वरच्या पायरीच्या परीक्षेत त्यापूर्वी निरनिराळ्या सेवा हाताने उभारून दाखवाव्या लागत. आठव्या आवृत्तीबरोबर त्या परीक्षेचे स्वरूपच पालटले आणि ‘अँसिबल’ या साधनाच्या साहाय्याने अनेक संगणकांचे काम एकदम व आपोआप कसे करावे, हा तिचा मुख्य विषय झाला. हा बदल पायापासूनचा होता. त्या वेळी जुन्या परीक्षेची तयारी नुकतीच सुरू करणाऱ्याने थांबून नव्या परीक्षेकडे वळणे हेच योग्य होते. परंतु त्याच वर्षी त्याखालच्या पायरीची, म्हणजे ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर’ची तयारी करणाऱ्याला तसे करण्याचे कारण नव्हते, कारण तिचा गाभा पूर्वीसारखाच राहिला.

यावरून एक साधा नियम मांडता येतो. पुढील तिन्ही अटी एकत्र पूर्ण होत असतील, तरच शुल्क भरण्याचे लांबवावे. (१) नव्या अभ्यासक्रमाची किंवा परीक्षेची तारीख मूळ संस्थेने स्वतः जाहीर केलेली असावी. (२) ती तारीख तीन-चार महिन्यांच्या आत असावी. (३) बदल मोठा असावा, अथवा जुनी परीक्षा बंद होण्यापूर्वी आपली तयारी पुरी होण्यासारखी नसावी. यांपैकी एकही अट सुटत असेल, तर विनाविलंब आरंभ करावा.

जो आधीच शिकत आहे आणि ज्याचा निम्म्याहून अधिक अभ्यास झाला आहे, त्याने तर मध्येच थांबू नये. हात बसलेला असताना परीक्षा देणे केव्हाही सोपे. रेड हॅटसारख्या परीक्षा लेखी नसतात. प्रत्यक्ष संगणकावर बसून ठरलेल्या वेळात काम करून दाखवावे लागते. सराव सुटला की असे काम जड जाते.

अति जुन्यापासूनही सावध

नव्याच्या मोहाप्रमाणेच जुन्याच्या स्वस्ताईचाही मोह टाळावयास हवा. रेड हॅटशी सुसंगत असलेले ‘सेंटओएस’ हे विनामूल्य वितरण शिकविण्यासाठी सर्वत्र वापरले जात असे. त्याच्या आठव्या आवृत्तीची मुदत आधी अपेक्षित होती तितकी राहणार नाही, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि ती ३१ डिसेंबर २०२१ रोजी बंद पडली. सातवी आवृत्ती ३० जून २०२४ रोजी संपली. त्यांच्या जागी ‘अल्मालिनक्स’ व ‘रॉकी लिनक्स’ ही विनामूल्य वितरणे २०२१ पासून उपलब्ध आहेत. तरीही एखाद्या वर्गात जुन्या पुस्तकांवरून सेंटओएस सात शिकविले जात असेल, तर कमी शुल्काला भुलून तेथे प्रवेश घेऊ नये. ज्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले, ती नव्या कामासाठी कोणी जबाबदार कार्यालय वापरणार नाही.

म्हणून खालची मर्यादा अशी धरावी : अभ्यासक्रम ज्या आवृत्तीवर आहे, तिची उरलेली मुदत निदान तीन-चार वर्षांची असावी. तेवढी असेल तर ती सर्वांत नवी आहे की एक पायरी मागची, याची चिंता करू नये.

थांबणे आणि रिकामे बसणे

आपल्याकडील शेतकरी थांबणे म्हणजे काय ते चांगले जाणतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की तो लगेच बी फेकीत नाही. जमिनीत वापसा येण्याची वाट पाहतो. परंतु पाऊस येण्यापूर्वीच्या दिवसांत तो रिकामा बसत नाही. नांगरट होते, बांध घातले जातात, बी-बियाणे निवडून ठेवले जाते. पेरणी लांबते ती योग्य दिवसासाठी. मशागत मात्र त्याआधीच झालेली असते. ज्याने मशागत केलेली नाही, त्याला वापसा येऊनही पेरता येत नाही.

लिनक्सच्या विद्यार्थ्याने हाच कित्ता गिरवावा. शुल्क भरण्याचे लांबवावयाचे असेल तर खुशाल लांबवावे. शिकणे मात्र लांबवू नये. शिकण्यासाठी लागणारी सामग्री बहुतांशी विनामूल्य आहे. उबंटू, डेबियन, अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स पैसे न देता उतरवून घेता येतात. रेड हॅटनेही २०२१ पासून व्यक्तिगत अभ्यासासाठी सोळा संगणकांपर्यंत विनामूल्य परवान्याची सोय केली आहे. घरच्या संगणकावरील विंडोज काढण्याचीही गरज नाही. उबंटू पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, किंवा ‘व्हर्च्युअलबॉक्स’ या विनामूल्य साधनाने संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक उभा करून त्यावर निर्धास्तपणे प्रयोग करता येतात. तो बिघडला तर पुसून टाकून पुन्हा उभा करावा.

मराठी वाचकांसाठी आणखी एक सोय आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने म्हणजे आय.आय.टी.ने चालविलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे लहान लहान दृक्श्राव्य पाठ असून ते मराठीतही ऐकावयास मिळतात. थोडे ऐकावे, थांबावे, तेवढे स्वतः करून पाहावे आणि मग पुढे जावे, अशी त्यांची रचना आहे. त्यांतील अनेक पाठ उबंटूच्या जुन्या आवृत्त्यांवर तयार झालेले आहेत. पडद्याचे रंग व चिन्हे आता निराळी दिसतील. परंतु फायली हाताळणे, अधिकार देणे, मजकूर शोधणे यांविषयीच्या आज्ञा त्या पाठांत जशा सांगितल्या आहेत, तशाच आजच्या प्रणालीतही चालतात. पाया टिकाऊ असतो, या वर केलेल्या विधानाचा हा घरबसल्या पाहता येण्यासारखा पुरावा होय.

शिक्षकांसाठी व कार्यालयांसाठी

शाळेतील संगणक कक्षाचा विचार वेगळ्या दृष्टीने करावा लागतो. येथे यंत्रांचे वय महत्त्वाचे ठरते. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला चालण्यासाठी साधारणपणे २०१३ नंतरच्या जातीचे प्रोसेसर लागतात. त्याहून जुन्या यंत्रांवर ती बसत नाही. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. ज्या शाळेकडे जुने संगणक आहेत, तिने नव्या आवृत्तीची वाट पाहून काहीच साधणार नाही. उलट यंत्रे तिच्या आणखी मागे पडतील. अशा शाळेने आपल्या यंत्रांवर चालणारी व मुदतीत असलेली आवृत्ती निवडून कामाला लागावे. अल्मालिनक्सने आपल्या दहाव्या आवृत्तीचा एक प्रकार थोड्या जुन्या प्रोसेसरांसाठीही काढला आहे, त्याचाही विचार करता येईल. वर्षाच्या मध्यास आवृत्ती बदलू नये. एका शैक्षणिक वर्षात सर्व यंत्रांवर एकच आवृत्ती असावी आणि बदल सुट्टीत करावा, म्हणजे विद्यार्थी गोंधळत नाहीत.

कार्यालयप्रमुखांनी कर्मचाऱ्यास प्रशिक्षणास पाठविताना कार्यालयातील सर्व्हरवर कोणती आवृत्ती चालू आहे, हे प्रथम पाहावे. कर्मचाऱ्याला उद्या सकाळी ज्या यंत्रापुढे बसावयाचे आहे, त्या यंत्रावरील आवृत्तीचे शिक्षण त्याला आधी हवे. स्थलांतराचा निर्णय झालेला असेल व त्याची तारीख ठरलेली असेल, तर मात्र नव्या आवृत्तीचा अभ्यासक्रम घेणे इष्ट. निर्णय झालेला नसताना केवळ ‘पुढे कधीतरी’च्या भरवशावर प्रशिक्षण रोखून धरले, तर मधल्या काळात सर्व्हर अप्रशिक्षित हातांत राहतो. यात धोका कर्मचाऱ्यापेक्षा ज्या नागरिकांची कागदपत्रे त्या सर्व्हरवर आहेत, त्यांना अधिक असतो.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

प्रशिक्षण-संस्थेत शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने किंवा पालकाने पुढील प्रश्न स्पष्टपणे विचारावेत व उत्तरे शक्य तर लेखी घ्यावीत.

१. अभ्यासक्रम कोणत्या वितरणाच्या कोणत्या आवृत्तीवर आहे, आणि त्या आवृत्तीची मुदत केव्हा संपते?

२. शिकवणी सुरू असताना नवी आवृत्ती आली, तर बदललेले विषय जादा शुल्काशिवाय शिकविले जातील काय?

३. परीक्षेचे शुल्क शिकवणीच्या शुल्कात धरलेले आहे काय? असल्यास, परीक्षा कोणत्या आवृत्तीची व किती मुदतीत द्यावी लागेल?

४. आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष संगणकावर सराव मिळेल?

५. “नवी आवृत्ती येणार आहे” असे सांगण्यात येत असल्यास, ती तारीख मूळ संस्थेच्या कोणत्या घोषणेत आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये. रेड हॅट, कॉम्पटिया व लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट या संस्था आपल्या परीक्षांची माहिती स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळांवर प्रसिद्ध करतात. गावातील शिक्षक अथवा ग्रंथपाल यांच्या मदतीने ती पाहून घेणे कठीण नाही. यांतील चौथा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वस्तुतः अभ्यासक्रम नवा की जुना यापेक्षा त्यात हाताला काम किती मिळते, यावर विद्यार्थ्याची पुढची वाटचाल अधिक अवलंबून असते.

एका उदाहरणाने हे सारे एकत्र पाहू. समजा, पेडणे तालुक्यातील एका तरुणीने नुकतीच पदवी घेतली आहे आणि तिला सर्व्हर सांभाळण्याचे काम शिकावयाचे आहे. नव्या परीक्षेची तारीख जाहीर झालेली नाही. तिने आज घरच्या संगणकावर अल्मालिनक्स बसवून पायाचे धडे सुरू करावेत. तीन महिन्यांनी पुन्हा चौकशी करावी. तोवर तारीख जाहीर झाली असेल व ती जवळ असेल, तर नव्या परीक्षेसाठी नाव नोंदवावे. नसेल तर चालू परीक्षेचे शुल्क भरावे. दोन्ही परिस्थितींत तिचे तीन महिने कारणी लागलेले असतील. आणि वर्षभरानंतर नवी आवृत्ती आलीच, तर बदललेले चार-दोन विषय समजून घेण्यास तिला काही आठवडे पुरतील, कारण बाकीचे तिला आधीच अवगत असेल.

लिनक्सच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला दर तीन-चार वर्षांनी काहीतरी नवे शिकावेच लागते. हे या व्यवसायाचे अंगच आहे आणि त्यापासून कोणत्याही आवृत्तीचे प्रमाणपत्र कोणाला सूट देत नाही. तेव्हा आवृत्तीची निवड ही आयुष्यभराची निवड आहे, असे समजून मनावर ओझे घेण्याचे कारण नाही. मुदतीत असलेली कोणतीही आवृत्ती घ्यावी, संगणकापुढे बसावे आणि पहिली आज्ञा टंकावी. इच्छुक विद्यार्थ्यांनी, तसेच त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी व पालकांनी वर दिलेले प्रश्न हाताशी ठेवून आपापला निर्णय करावा, आणि निर्णय होईपर्यंतचा काळही सरावात घालवावा.